दहा खोळा

पुष्य नक्षत्रातल्या पावसाला आमच्याकडे म्हातारा पाऊस म्हणतात. त्याच्या आधीचा पुनर्वसूचा तो तरणा. तरणा येतो, धिंगाणा घालतो आणि निघून तरी जातो. म्हातारा एकदा येऊन बसला की उठायचं नाव घेत नाही. शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. या दिवसांत इथं मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटी चुलीमागच्या भानवशीवर उबेला ठेवावी लागते आणि धुतलेलं पातळ तिसऱ्या दिवशीही अंगाला गार लागतं. उभी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आणि दरवर्षी पोरांना 'माझा आवडता ऋतू' लिहायला लावला. पोरं मुकाट पावसाळा लिहायची. ज्याच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात त्याचा कसला आलाय आवडता ऋतू! पण मीही मुकाट मार्क द्यायचे.

यंदाही म्हातारा येऊन बसलाय. मी सोप्यात बसून समोरच्या वाफ्याकडं बघते. वाफ्यात निवडुंग आहेत. याच पावसात, वर पत्रा नाही की कागद नाही, उघड्यावर उभे आहेत. येणारा जाणारा थांबतो. "बाई, ह्ये हितं कसं काय जगलं वो?" मी म्हणते, "जगले बुवा." 

हे वेड आमच्या सुभेदारांचं. नवऱ्याला मी सुभेदारच म्हणत आले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. फौजेतली निम्मी नोकरी त्यांनी राजस्थानच्या वाळूत काढली आणि शेवटची काही वर्षं वर डोंगरात, बर्फाच्या मुलखात. रिटायर होऊन आले तेव्हा इतरांच्या ट्रंकेत ब्लँकेटं, कँटीनच्या बाटल्या असायच्या. यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले निवडुंगाचे तुकडे निघाले. मी एकात हात घातला आणि ओरडले. ते हसत होते. "मास्तरीणबाई, सावकाश. हत्यारबंद जवान हायती ह्ये."

गावानं नावं ठेवली. दारात काटा लावला की घरात भांडणं लागतात, असं आमच्याकडं म्हणतात. कुणी सांगितलं, "सुभेदार, चार महिनं हितं दगडाला बी शेवाळ धरतं, तितं तुमचं ह्ये वाळवंटातलं काय टिकनार?" ते ऐकून घ्यायचे आणि पहार घेऊन कामाला लागायचे. अंगणाच्या उताराला, दक्षिणेच्या अंगाला, त्यांनी गुडघाभर उंच वाफा रचला. खाली फुटक्या कौलांच्या खापऱ्या, त्यावर ओढ्यातले गोटे, त्यावर खडी, मुरूम आणि नावाला मूठभर माती. मी म्हटलं, "अहो, हे झाडाचं अंथरूण आहे की रस्त्याचं काम?" तर म्हणाले, "पावसानं न्हाई मरत ह्ये. तुंबल्यालं पाणी मारतं. वरनं किती बी पडू दे, खाली थांबता कामा नये. आन् वारा लागला पायजे. वारा लागला की भिजल्यालं सुकतं."

पहिल्या पावसाळ्यात सगळे कुजले. दुसऱ्यात निम्मे. ते चिडले नाहीत. मेलेल्याच्या मुळाशी उकरून बघायचे, पाणी कुठं थांबलं ते शोधायचे आणि तिथं खुरप्यानं वाट काढून द्यायचे. डाग पडलेला भाग ब्लेडनं कापून वर हळद दाबायचे. काही वर्षांनी वाफ्यात दहा उरले. चार चेंडूसारखे गोल, तीन खांबासारखे, दोन फड्याचे आणि एक तो बर्फातला, तळहाताएवढ्या चपट्या पानांचा. थंडीत तो सुरकुतून आडवा पडायचा, मेलाच म्हणून मी हळहळायचे आणि उन्हाळा लागला की पुन्हा उठून बसायचा. दहा म्हणजे फौजेच्या हिशेबानं जवानांचं एक सेक्शन झालं. रोज सकाळी काठी टेकत पाहणी. अंगठ्यानं प्रत्येकाला काट्याच्या मधून हलकं दाबायचं. कडक लागला की "शाब्बास". मी सोप्यातून म्हणायचे, "मला कधी नाही म्हटलं शाब्बास." "तू कवा कडक नव्हतीस?" असं त्यांचं उत्तर.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आजाराचं मला फार लिहायचं नाही. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस आणि दिवसाला तीन फुलपात्री पाणी, चहा-आमटी धरून. बाहेर धो धो पाऊस, ओढ्याला पाणी, पन्हाळीला पाणी आणि सोप्यात बसलेला हा माणूस जिभेनं ओठ ओले करतोय. पायावर सूज आली की स्वतःच अंगठ्यानं दाबून बघायचे. खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. "बग, माझ्या बी मुळाशी पाणी तुंबलं," म्हणायचे आणि हसायचे. मला हसू यायचं नाही.

त्या तीन फुलपात्र्यांतलं अर्धं सुमनच्या चहासाठी राखलेलं असे. सुमन माझी धाकटी जाऊ. दोन्ही घरांचं अंगण एकच. ती लग्न होऊन आली तेव्हा सुभेदार सुट्टीवर होते आणि त्यांनीच तिला सायकल शिकवली, गावासमोर, सासूबाईंच्या शिव्या खात. ती त्यांना दादा म्हणायची. सकाळची पाहणी झाली की ते अंगणातून हाक द्यायचे, "सुमन, चा झाला का गं?" आणि ती आल्याचा वास येणारा अर्धा कप पदराखाली झाकून, पावसातून पळत यायची.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढात, वाफ्यापाशी उभं राहून ते सहज बोलल्यासारखं बोलले. "ह्यो पावसाळा ह्या धा जनांनी काढला, तर मी बी काढला म्हनायचं." मी म्हटलं, "काहीतरीच काय! झाडांवर कुणी असं लावतं का?" मी शाळेतून अंधश्रद्धेवर भाषणं दिलेली बाई. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढं जाणारी. पण त्या दिवसापासून पाऊस वाढला की मी उठून वाफा बघून यायचे. रात्री पन्हाळीचा आवाज मोठा झाला की मला वाफाच दिसायचा. ते झोपलेले असायचे, घोरतही असायचे.

म्हातारा पाऊस लागला आणि वारणेचं पाणी चढायला लागलं. एकदा रस्ता बंद झाला की मिरज गाठता येणार नाही आणि मशीन चुकलं की संपलंच. आधीच जाऊन मिरजेत माझ्या बहिणीकडं राहायचं ठरलं. जीप सांगितली. निघायच्या दिवशी सुभेदारांनी छत्री घेऊन शेवटची पाहणी केली आणि मला बजावलं, "कुनी हात लावायचा न्हाई. हायती तशी ऱ्हाऊ दे." मी मान डोलावली.

आदल्या दिवशीच गोठ्यात बसून मी दहा खोळा करून ठेवल्या होत्या. खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की खोळ होते. आमच्याकडं भांगलणीच्या बायका, गुराखी, शाळेतली पोरं, सगळ्यांच्या डोक्यावर पावसाळाभर हीच. ज्याला पावसापासून जपायचं त्याच्या डोक्यावर खोळ घालायची, एवढंच मला आयुष्यभर माहीत. वैरण काढायला आलेल्या सुमननं विचारलं, "आक्का, एवढ्या खोळा कुनाला वो?" मी म्हटलं, "झाडांना. ह्यांना सांगू नकोस." ती हसली. "त्यास्नी बी सर्दी व्हती व्हय?"

सुभेदार जीपमध्ये बसल्यावर चष्मा विसरल्याचं सांगून मी परत आले आणि एकेकाला खोळ घातली. वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली सुतळीनं आवळून बांधली. हाताला काटे टोचले, रक्त आलं. ते पावसात धुतलं आणि मी जीपमध्ये येऊन बसले. खरं सांगते, त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं.

मिरजेत तीन आठवडे काढले. मशीनवर असताना माणूस चार तास हलू शकत नाही. ते छताकडं बघत विचारायचे, "उभी असतील न्हवं?" मी म्हणायचे, "असतील की." "वारा लागत असंल?" "लागतच असणार." एकदा म्हणाले, "उगड्यावर ऱ्हायाची सवं लागली की जिवाला काय व्हत न्हाई." मी म्हटलं, "हो." रोज एकेक असं. शाळेत पोरानं एक खोटं झाकायला दुसरं सांगितलं की मी त्याला बाकावर उभं करायचे.

दुसऱ्या आठवड्यात सुमनचा फोन आला. "आक्का, खोळंतनं वास मारतुया. काडू का?" मी बहिणीच्या जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलले. "खताच्या पोत्यांचा असेल गं. राहू दे. एवढा पाऊस आहे, आता नको काढूस." ती म्हणाली, "बरं." पुन्हा म्हणाली, "न्हाई, बगते तरी काडून एक." आणि मी तिच्यावर खेकसले, "सांगितलं ना, राहू दे म्हणून!"

रस्ता सुरू झाला आणि आम्ही परतलो तो नागपंचमीचा दिवस होता. शिराळ्यात बाजारभर लाह्या-फुटाणे आणि हलगी, जीप गर्दीतून मुंगीच्या पावलानं निघाली. नदीकाठचा ऊस पाण्यानं आडवा होऊन काळा पडला होता. घरी सुमननं आमच्यासाठी पुरणाची दिंडं उकडली होती. सुभेदार कुणाचा हात न धरता उतरले आणि थेट वाफ्याकडं गेले. वाफ्यात दहा पांढरी पोती ओळीनं उभी होती.

"ह्ये कुनी केलं?"

मी मागंच होते. 'मी' म्हणायला एकच अक्षर पुरतं. पण तेवढं म्हटलं असतं तर एकवीस दिवसांचं सगळं खोटं एकदम बाहेर आलं असतं. आणि मग त्यांनी माझ्या हातच्या गोळ्या, माझ्या हातचं मोजलेलं पाणी कोणत्या विश्वासानं घ्यायचं? असं मी आज म्हणते. तेव्हा एवढा विचार केला नव्हता. तेव्हा फक्त भ्याले. आणि तोंडातून निघालं, "सुमननं घातल्या असतील. मायेनं."

ते खाली वाकले. सुतळी सोडून एकेक खोळ काढत गेले. पहिल्या गोल निवडुंगावर अंगठा ठेवला आणि तो आत गेला. पिकलेल्या पपईत जावा तसा. आतून तपकिरी पाणी आलं आणि असा वास सुटला की मी पदर नाकाला लावला. त्यांनी लावला नाही. प्रत्येकाला तसंच दाबलं, अगदी दिसत होतं तरी दाबलं. नऊ गेले होते. दहावा, तो बर्फातला, खालून मऊ झाला होता, पण वरची दोन पानं अजून कडक होती. त्यांचे डोळे बदलले. "सुरी आन. बिगीनं. वरचं चिरून काडलं तर वाचंल."

मी सुरी घेऊन आले तोवर सुमन दिंडांचं ताट घेऊन दारात आली होती. तिनं सुरी बघितली आणि घाबरीघुबरी झाली. पंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. तवासुद्धा चुलीवर चढत नाही. नागाला लागतं. शिराळ्याच्या मुलखात ही गोष्ट सांगावी लागत नाही. "आवं दादा, आज पंचमी हाय! आज चिरू नगासा. उद्या सकाळी चिरा की, एका दिसात काय व्हतंय?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते फक्त मला कळत होतं. "आनी काय काय करनार हाईस?" एवढंच म्हणाले. सुरी गोट्यावर ठेवली आणि घरात गेले. ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची दोन्ही पानं मऊ पडली होती.

त्यानंतर सुमनच्या चहाची हाक बंद झाली. ती बिचारी दोन-तीन दिवस आपणहून घेऊन आली. ते पांघरूण ओढून झोपल्याचं सोंग करायचे. अर्धा कप तिथंच गार व्हायचा, वर साय धरायचा, मी मोरीत ओतायचे. काटा लावला की भांडणं लागतात म्हणे. लागलं असतं तर फार बरं झालं असतं. भांडणात माणूस खरं बोलून जातो. आमच्या घरात आवाजसुद्धा झाला नाही.

एकदा मिरजेच्या वाटेवर मी मनाचा हिय्या केला. जीपच्या काचेवर पाणी ओघळत होतं, ड्रायव्हर गाणं ऐकत होता. मी "अहो" म्हटलं. तर तेच म्हणाले, "सुमनला काय बोलू नगंस हां. तिला वाटलं असंल, भिजत्यात बिचारी. पर माझ्यानं तिच्या तोंडाकडं बगवत न्हाई. त्येला मी काय करू?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

गणपती बसले त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "आता मिरज बास." मी भांडले, रडले, मुलाला शिरवळहून बोलावून घेतलं. डॉक्टरांनी फोनवरून समजावलं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. मी म्हटलं, "अहो, झाडं होती ती. झाडांपायी कुणी जीव सोडतं का?" म्हणाले, "माझी जबान व्हती." शेवटी सुमन आली आणि त्यांचे सुजलेले पाय धरून बसली. "दादा, माझं चुकलं. पंचमीचं म्या मदीच बोलाय नगं व्हतं. पर मशीनला जावा. माझ्यावरचा राग जिवावर काडू नगा." खोळांचं तिनं नावसुद्धा काढलं नाही, मी सांगू नकोस म्हटलं होतं ना. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी उशाशी फुलपात्र घेऊन उभी होते. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. बोलायला याच्यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे तेव्हाही कळत होतं. फुलपात्रातलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं आणि मी वाकून तेच पुसत बसले. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाहेर रिपरिप चालू असताना ते गेले.

दीड वर्ष वाफा तसाच पडला होता. टाकळा माजला, तेरडा माजला. मग एक दिवस मी मुलाला साताऱ्याच्या नर्सरीतून दहा निवडुंग आणायला सांगितले. त्याला वाटलं, आईनं वडिलांची आठवण जपली. गावाला तसंच वाटलं. खरं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते मरावेत म्हणून मी ते लावले. सगळं सुभेदारांनी केलं तसंच केलं. खापऱ्या बदलल्या, मुरूम नवा घातला, पाण्याला वाट काढली आणि मृगापासून उघड्यावर सोडून दिले. उघड्यावर कुजले असते तर मी स्वतःला म्हणू शकले असते की ते मरणारच होते, खोळ असो नसो. रोज सकाळी मी अंगठ्यानं दाबून बघायचे. मऊ लागावा म्हणून देवाला हात जोडणारी, जगात मी एकटीच असेन.

तीन गेले. सात जगले. हा त्यांचा तिसरा पावसाळा. शेवाळलेल्या गोट्यांत उभे आहेत, टणटणीत, अंगावरून पाणी निथळतंय. त्यांना काही होत नाही. सुभेदारांचंच बरोबर होतं.

सुमनला ते फार आवडतात. "आक्का, दादांच्या हातचीच वाटत्यात बगा," म्हणते. ती अजून सकाळी अर्धा कप चहा आणते, आता माझ्यासाठी. तिच्या आल्याच्या चहाला कधीतरी नको म्हणावं असं मला वाटतं, पण काय कारण सांगणार?

परवा पंचमी झाली. सकाळी मी तिच्या घरी गेले तर ती चुलीपुढं विळी मांडून भेंडी चिरत होती. मला वाटलं, सण विसरली असेल. म्हटलं, "सुमन, अगं आज पंचमी ना?"

"ठावं हाय की," ती म्हणाली. विळी थांबली नाही. "म्या सोडलं ते पाळनं. चार वर्सं झाली, पंचमीला मुद्दाम चिरते. त्या दिशी म्या न्हाई म्हनलं नसतं तर दादांनी ते झाड वाचवलं असतं. ते झाड वाचलं असतं तर दादा..." पुढचं तिनं गिळलं. पदरानं डोळे पुसले, भेंडीचा चिकट हात लागून गालाला तार आली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आक्का, जाताना त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय व्हतं वो? तुमाला कायतरी बोललं असतील."

बाहेर पाऊस पडत होता. मी खाली बसले, तिच्या मांडीवर हात ठेवला.

"काही नाही गं," मी म्हटलं. "त्यांनी तुला केव्हाच माफ केलं होतं."

ती हुंदका देऊन रडली. मग माझा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.